दोन फाइलींतला एकच ‘चालू’

नगरच्या सावेडीत आमचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. कोड लिहिणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा सहकारी. शाळांच्या वेबसाइट, पतसंस्थांची सॉफ्टवेअर, एखाद्या हॉटेलचं मेन्यूकार्ड, जे काम येईल ते घेतो. सहकारी माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान. मला ताई म्हणतो आणि माझ्या दुप्पट वेगानं कोड लिहितो. लिहून झालं की खुर्ची मागं ढकलून चहाला जातो. त्याच्या वेगाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. जे झालं ते नावामुळं झालं.

आम्ही कोड लिहितो त्या जावास्क्रिप्ट भाषेत एखादी माहिती सांभाळून ठेवायची तर तिला नाव द्यावं लागतं. त्याला व्हेरिएबल म्हणतात. नाव काय ठेवायचं हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं. आम्ही दोघंही मराठी शाळेत शिकलेलो, त्यामुळं इंग्रजी अक्षरांत मराठी नावं लिहायची आमची सवय. यादी, बाकी, पुढचा, मागचा. आणि ज्याच्यावर आत्ता काम सुरू आहे तो ‘चालू’. चालू खातेदार, चालू विद्यार्थी, चालू पान. बाहेरच्या माणसानं आमचा कोड वाचला तर त्याला वाटेल, नगरमध्ये सगळेच चालू आहेत. आम्हाला या नावाची फार मजा वाटायची.

एका वर्षी हिवाळ्यात आमच्या बौद्ध समाजाचा वधू-वर परिचय मेळावा नगरला होता. समितीचे सचिव आमच्या ओळखीचे. त्यांना मोठ्या पडद्यावर प्रत्येक उमेदवाराची माहिती दाखवायची होती. मुलगा किंवा मुलगी स्टेजवर आली की डावीकडं फोटो, उजवीकडं गाव, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा. काम समाजाचं, म्हणून मी ते आनंदानं घेतलं. बटण दाबलं की पुढचा उमेदवार येईल असं साधं पान तयार केलं. बटण दाबताच मजकूर यायचा, आणि फोटो एकदम न आणता, क्षणभर थांबून हळूहळू उजळत यावा अशी सोय मी केली होती. सचिवांना ती इतकी आवडली की त्यांनी ती मला पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावली. जाताना त्यांनी विचारलं, यादीत तुझंही नाव घालायचं का. मी म्हटलं, बटण कोण दाबणार मग. तेवढ्यावर विषय मिटला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन हॉलवर गेलो. बुद्धवंदना व्हायची होती, खुर्च्या भरत होत्या, मागं स्वयंपाकाच्या कढया चढल्या होत्या. सचिव घाईघाईनं आले आणि म्हणाले, पडद्याच्या खालच्या बाजूला पाहुण्यांची नावं फिरती ठेवता येतील का, नाहीतर कुणीतरी रुसेल. मी तोंड उघडायच्या आत सहकारी म्हणाला, होऊन जाईल. एका खुर्चीवर बसून, मांडीवर लॅपटॉप ठेवून त्यानं ती पट्टी लिहिली. वेगळी फाइल केली, माझ्या फाइलीला हातसुद्धा लावला नाही. पट्टीवर पाहुण्याचं नाव यायचं, थोड्या वेळानं पुढच्याचं. प्रमुख पाहुण्यांचा फोटो सचिवांकडं होता, तोही त्यानं छोटासा लावला. बाकीच्यांचे फोटो नव्हते. मी पाहिलं, छान दिसत होतं. सचिवही खूश झाले.

प्रमुख पाहुणे म्हणजे श्रीरामपूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक. साठी ओलांडलेले, ताठ, पांढऱ्या मिशा, खादीचं जाकीट. सगळे त्यांना सर म्हणत होते, म्हणून मीही सरच म्हणते.

पहिले काही उमेदवार नीट पार पडले. मुलं घाबरत येत होती, माइकमध्ये आपलं नाव सांगून खाली बघत होती. मी बटण दाबत होते, फोटो हळूहळू उजळत होते. मग राहुरीची एक मुलगी स्टेजवर आली. अबोली रंगाची साडी, शिक्षण अभियांत्रिकीचं. पडद्यावर तिची माहिती बरोबर आली. शेवटी अपेक्षा होती: उंच, निर्व्यसनी, सरकारी नोकरीतला मुलगा. आणि डावीकडं हळूहळू, माझ्या त्या लाडक्या पद्धतीनं, पांढऱ्या मिशा उजळू लागल्या.

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली. मग मागच्या रांगांत हसू फुटलं. मुलीनं वळून पडद्याकडं पाहिलं आणि तीही तोंडावर हात धरून हसली. तिची आई मात्र हसली नाही. ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि हे कोण आहेत असं विचारू लागली. मी बटण दाबून पुढं गेले. पुढचा मुलगा बरोबर आला. त्याच्या पुढच्याच्या वेळी फोटोची चौकट रिकामीच राहिली. त्यानंतर पुन्हा एका मुलीच्या माहितीशेजारी सर उजळले. या वेळी टाळ्या पडल्या.

मला आधी वाटलं, फोटोंच्या फाइलींची नावं चुकली असतील. पण सरांचा फोटो माझ्या फोल्डरमध्ये असायचं कारणच नव्हतं. सहकारी माझ्या कानाशी वाकून म्हणाला की प्रोजेक्टरचा काहीतरी प्रॉब्लेम असेल. प्रोजेक्टर माणसं बदलत नाही, असं मी त्याला दात आवळून सांगितलं.

तेवढ्यात सरांनी स्टेजवरचा माइक मागून घेतला. मला वाटलं, आता हे रागावणार. ते उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला.

“माझ्या फोटोशेजारी जी अपेक्षा लिहिली आहे, ती माझी नाही,” ते म्हणाले. “मला उंच आणि सरकारी नोकरीतला मुलगा नको आहे.”

हॉल हसत सुटला. सर थांबले, हसू ओसरू दिलं. शाळेत प्रार्थनेनंतर बोलायची सवय असलेला माणूस, त्यांना घाई नव्हती.

“पण आता फोटो लागलाच आहे, तर माझीही अपेक्षा सांगून टाकतो. पत्नी जाऊन काही वर्षं झाली. मुलगा पुण्यात आहे. मी टीव्हीचा आवाज हवा तेवढा वाढवू शकतो. संध्याकाळी कुणीतरी आतून ओरडून सांगावं की आवाज कमी करा. एवढीच अपेक्षा आहे.”

या वेळी हसू आलं ते निम्म्यातच थांबलं. सर खाली बसले आणि त्यांनी माइक सचिवांकडं दिला. सचिवांनी लगेच जेवणाची सुट्टी जाहीर करून टाकली. जेवण अजून तयार नव्हतं.

माझ्या दृष्टीनं ते बरंच झालं. मी लॅपटॉप ओढला, ब्राउझरचा कन्सोल उघडला. चालू असलेल्या पानाला आतून प्रश्न विचारायची ती जागा. तिथं मी ‘चालू’ असं लिहिलं. उत्तरात शेवटी दाखवलेला उमेदवार यायला हवा होता. आले सर, त्यांच्या सगळ्या पदव्यांसह. मी पुन्हा तेच विचारलं. आता महिला मंडळाच्या अध्यक्षा आल्या. तिसऱ्यांदा विचारलं तर स्वागताध्यक्ष. मी काही न करता माझा ‘चालू’ आपोआप बदलत होता.

मी सहकाऱ्याकडं पाहिलं. “पट्टीवर आत्ता जो पाहुणा आहे, त्याचं नाव कशात ठेवलंयस?”

त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

घडलं होतं ते असं. मी माझ्या फाइलीत अगदी वर, कुठल्याही फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या बंद तुकड्याच्या, बाहेर, ‘व्हार’ हा नाव मांडायचा जुना शब्द लावून ‘चालू’ मांडला होता. असं मांडलेलं नाव ग्लोबल होतं. म्हणजे पानावरच्या सगळ्या फाइलींना ते दिसतं, आणि ज्याला दिसतं त्याला ते बदलताही येतं. सहकाऱ्यानं त्याच्या फाइलीत, तसंच वर, तसंच ‘व्हार’ लावून, ‘चालू’ मांडला. ब्राउझर अशा वेळी भांडत नाही. त्यानं दोघांना मिळून एकच जागा दिली. मी बटण दाबलं की तिथं उमेदवार जाऊन बसायचा. त्याचा मजकूर लगेच यायचा, पण फोटो मी क्षणभरानं आणत होते. नेमक्या त्या क्षणात पट्टी पुढं सरकली की उमेदवाराला उठवून तिथं पाहुणा बसायचा आणि मी निमूटपणे त्याचा फोटो लावायचे. पाहुण्याचा फोटो नसला की चौकट रिकामी. पट्टी त्या क्षणात सरकली नाही तर सगळं ठीक. म्हणून तर काही उमेदवार बरोबर आले आणि काही नाही.

उपाय सोपा होता. मी माझी सगळी फाइल एका फंक्शनच्या पोटात घातली आणि ते फंक्शन तिथंच, तेव्हाच चालवलं. फंक्शनच्या आत मांडलेलं नाव बाहेरच्यांना दिसत नाही, मग बदलायचा प्रश्नच उरत नाही. सहकाऱ्यालाही त्याची फाइल तशीच करायला लावली. तो म्हणत होता की एकाची केली तरी पुरेल. ते खरं होतं, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. दोन कंस वर, दोन खाली, झालं काम. पान पुन्हा उघडलं, पट्टी फिरती ठेवली आणि भराभर बटण दाबून पाहिलं. ज्याचा त्याचा फोटो ज्याच्या त्याच्या शेजारी येत होता.

तेवढ्यात टेबलासमोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. करड्या रंगाची कॉटनची साडी, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. मला वाटलं, यांच्याही मुलीचा फोटो चुकला. मी माफी मागायला सुरुवात केली.

“माझी कुनी मुलगी न्हाई यादीत. भाचीबरूबर आले मी,” त्या म्हणाल्या. “त्या चुकलेल्या फोटोवाल्यांचा बायोडाटा मिळंल का?”

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हटलं, ते प्रमुख पाहुणे आहेत, त्यांचा बायोडाटा नाही.

“मग तयार कर की. कंप्युटर हाय ना तुझ्याकडं?”

त्या मिरजगावच्या. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला. भावाच्या घरी राहत होत्या, तिथं काही त्रास नव्हता, हे त्यांनी आपणहून सांगितलं. पण त्रास नाही म्हणजे सगळं आहे असं नसतं, असंही म्हणाल्या. बोलताना कुठंही अडखळल्या नाहीत. मीच इकडंतिकडं बघत होते, कुणी ऐकतंय का म्हणून.

मी सरांकडं गेले. ते स्टेजच्या कडेला खुर्चीवर बसून चहा पीत होते. सांगायचं कसं हे कळेना, म्हणून मी आधी चुकीबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, त्यात काय, फोटो बरा आला होता. मग मी सिस्टरांचं सांगितलं. सरांनी कप खाली ठेवला. जाकिटाचं वरचं बटण लावलं. मग विचारलं, त्या कुठं आहेत.

जेवायला आम्ही चौघं एकाच टेबलावर बसलो, मी, सहकारी, सर आणि सिस्टर. खरं तर आम्ही दोघं उठणार होतो, पण सरांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी बसून राहिले. सुरुवातीला दोघंही वांग्याच्या भाजीबद्दल बोलले. मग सिस्टरांनी मुद्द्याला हात घातला.

“बीपी हाय का?”

“आहे. गोळी घेतो सकाळी. आठवण झाली तर.”

“आठवन झाली तर म्हंजे?”

सर वर्गात उभं केल्यासारखे झाले. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला की बहुतेक वेळा आठवण होते. सिस्टर म्हणाल्या की बीपीला ‘बहुतेक वेळा’ चालत नाही. मग साखर विचारली, झोप विचारली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं का ते विचारलं. सरांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी हळूच विचारलं की त्यांना वाचायला आवडतं का. सिस्टर म्हणाल्या, नोकरीत वेळच मिळाला नाही, आता चष्मा लावला की झोप येते. सहकाऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. त्याला हसू आवरत नव्हतं.

दुपारी चुकलेले सगळे उमेदवार आम्ही पुन्हा स्टेजवर बोलावले. राहुरीची मुलगी आली तेव्हा पडद्यावर तीच होती, तरी तिची आई पडद्यासमोर उभं राहून शेवटपर्यंत पाहत राहिली. फोटो पूर्ण उजळल्यावरच जागेवर जाऊन बसली.

यानंतर काही आठवड्यांनी मला पुण्यातून फोन आला. सरांचा मुलगा. आवाजात राग होता, पण शिकलेल्या माणसाचा, शब्द मोजून. त्याचं म्हणणं असं की वडिलांनी दुसऱ्या लग्नाचं काढलंय, आणि का असं विचारलं तर म्हणतात, सावेडीतल्या एका मुलीच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली म्हणून. हे काय प्रकरण आहे? तो स्वतः सॉफ्टवेअर कंपनीत होता. मग मला बरं वाटलं. निदान समजावून सांगता येईल. मी त्याला सगळं सांगितलं, दोन फाइली, एकच नाव, फोटो उशिरा आणायची माझी हौस.



“ग्लोबल?” त्यानं विचारलं. “अजून?”

आणि मग त्यानं माझी जी परीक्षा घेतली, तशी कॉलेजातल्या तोंडी परीक्षेतही कुणी घेतली नव्हती. मॉड्यूल, म्हणजे आपली नावं आपल्यातच ठेवणाऱ्या फाइली, का नाही केले? मी सांगितलं की हॉलवर सर्व्हर नव्हता, पान पेनड्राइव्हवरून थेट उघडायचं होतं, आणि तसं उघडलं तर ब्राउझर मॉड्यूल घेत नाही. हे त्याला मान्य झालं. मग म्हणाला, स्ट्रिक्ट मोड लावला असता तर? मी म्हटलं, उपयोग नव्हता, स्ट्रिक्ट मोड न मांडलेलं नाव अडवतो, आणि आम्ही दोघांनीही नाव रीतसर मांडलेलं होतं. हेही त्यानं मान्य केलं, जरा नाराजीनं.

“मग ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ का नाही लिहिलं? तेच नाव दुसरीकडं आलं असतं तर दुसरी फाइल सुरूच झाली नसती. सकाळीच कळलं असतं तुम्हाला.”

“सवय,” मी म्हटलं.

मग वेगळ्याच आवाजात तो म्हणाला, “म्हणजे ‘लेट’ लिहिलं असतं तर बाबांचा फोटो आलाच नसता.”

“नसता आला.”

त्यानंतर त्यानं विचारलं, त्या बाई कशा आहेत. मला फार काही माहीत नव्हतं. मी त्याला जेवणाच्या टेबलावरचं बीपीच्या गोळीचं सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, मी रोज फोनवर विचारतो, तर मला म्हणतात घेतली. फोन ठेवण्याआधी त्यानं मला एक सल्लाही दिला. जी माहिती बदलायचीच नाही, ती गोठवून टाकत जा. जावास्क्रिप्टमध्ये ‘फ्रीझ’ नावाची सोय आहे, ती लावली की कुणाला त्यात ढवळाढवळ करता येत नाही.

ते मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात करून पाहिलं. उमेदवारांची सगळी यादी गोठवली आणि सहकाऱ्याला सांगितलं, आता बदलून दाखव. त्यानं यादीत नवा माणूस घालायचा प्रयत्न केला, जमलं नाही. एकाला काढायचा प्रयत्न केला, तेही नाही. मग त्यानं यादीतल्या पहिल्याच मुलाच्या शिक्षणाच्या जागी ‘चौथी नापास’ लिहिलं, आणि ते झालं. फ्रीझनं यादी गोठते, यादीच्या आतली माणसं नाही. त्यांना एकेक करून गोठवावं लागतं. सहकारी दिवसभर खुशीत होता. मी त्या मुलाचं शिक्षण ताबडतोब परत दुरुस्त केलं, कारण ही फाइल चुकून सचिवांकडं गेली असती तर पुन्हा कुणाचा तरी फोन आला असता.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात नियम आहे. फाइलीच्या तोंडाशी उघड्यावर काही मांडायचं नाही. सगळं फंक्शनच्या आत, आणि सर्व्हर असेल तिथं मॉड्यूलच. बदलणारं असेल तर ‘लेट’, न बदलणारं असेल तर ‘कॉन्स्ट’. ‘कॉन्स्ट’ लावलेल्या नावाला दुसरं काही चिकटवता येत नाही. बाहेर कुणाला काही द्यायचंच असेल तर एकच नाव द्यायचं, ऑफिसच्या नावाचं, आणि बाकी सगळं त्याच्या आत. सहकारी हा नियम पाळतो. फक्त कधी कधी मला छळायला कन्सोलमध्ये ‘चालू’ असं लिहितो, आणि असं काहीच नाही हे उत्तर आलं की मान हलवून चहाला जातो.

लग्न श्रीरामपूरला झालं, विहारात, मोजक्या माणसांत. मुलगा पुण्याहून सहकुटुंब आला होता. सुनेनं सिस्टरांना साडी आणली होती, रंग तिच्या नवऱ्यानं निवडला असं ती मला दोनदा म्हणाली. मुलानं माझ्याशी हात मिळवला आणि मेळाव्याच्या पानाचा कोड बघायला मिळेल का असं विचारलं. मी म्हटलं, आता नीट आहे. तो म्हणाला, आधीचा.

परवा एका शाळेच्या कामासाठी मला श्रीरामपूरला जायचं होतं. सरांना फोन केला तर म्हणाले, स्टँडवर न्यायला येतो. मी एसटीतून उतरले आणि रिक्षांच्या गर्दीत त्यांना शोधू लागले. एक स्कूटर माझ्या पुढ्यात येऊन थांबली. चालवत सिस्टर होत्या. मागं सर बसले होते, हेल्मेट घालून, मांडीवर पेरूंची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

“तू म्होरं चालत हो पोरी, शाळा जवळच हाय,” सिस्टर म्हणाल्या. “ह्यान्ला घरी सोडते आन् येते तुझ्याकडं.”

सर उतरायला लागले. म्हणाले, मी चालतो हिच्याबरोबर. सिस्टरांनी मागं न बघता स्कूटर रेस केली, आणि सर पुन्हा बसले.